बोर्दो बंदराचं जुनं प्रिंट: उलटी अक्षरं, जळका हिरवा आणि नदीवर नसलेला पूल

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल. तुम्ही नोकरीनिमित्त तुलूझला असता. बोर्दोला फिरायला गेलात तेव्हा सँ-मिशेल चर्चसमोरच्या रविवारच्या जुन्या बाजारात एक रंगीत प्रिंट आवडलं: नदी, शिडाची जहाजं, धक्क्यावर माणसं आणि पिंपं. १४० युरोला घेतलंत. विकणारा म्हणाला, व्हेर्ने या चित्रकाराचं आहे, १७५९ चं, हाताने रंगवलेलं. घरी आल्यावर लक्षात आलं की वरच्या कडेला शहराचं नाव उलट्या अक्षरांत आहे, कागदावर तांबूस ठिपके आहेत आणि मागे तपकिरी डाग उमटलेत. आता तुम्हाला विचारायचंय की फसवणूक झाली का, डाग घालवता येतील का, पुढच्या वर्षी पुण्याला नेलं तर पावसाळ्यात टिकेल का, आणि अशी आणखी नदीबंदरांची चित्रं घ्यायची तर काय पाहून घ्यावीत.

मी बावीस वर्षं जुन्या कागदांच्या दुरुस्तीचं काम करते, त्यातली पाच पॅरिसमध्ये गेली. फोटोंवरून जेवढं खात्रीने सांगता येतं तेवढंच सांगते.

फसवणूक झालेली नाही. प्रिंट अठराव्या शतकातलं दिसतंय, रंगही त्याच काळातला वाटतो, आणि दिलेली किंमत रास्त आहे. फक्त ते व्हेर्नेचं नाही. ज्या उलट्या अक्षरांची तुम्हाला धास्ती वाटली, तीच या कागदाची खरी ओळख आहे.

या प्रकाराला फ्रेंचमध्ये 'व्ह्यू दोप्तिक' म्हणतात. ही चित्रं भिंतीवर लावण्यासाठी नव्हतीच. टेबलावर चित्र सपाट ठेवायचं, त्याच्या वर उभ्या दांड्यावर एक मोठं बहिर्गोल भिंग आणि भिंगामागे ४५ अंशात कललेला आरसा. भिंगातून आरशात पाहिलं की सपाट रस्ता आत आत जाताना दिसतो, जहाजांच्या डोलकाठ्या एकमेकींपासून सुट्या होतात. आरसा डावं-उजवं बदलतो, म्हणून वरचं नाव मुद्दाम उलटं कोरायचे. आरशात ते सुलटं वाचता येई. खालची ओळ मात्र सुलटी, कारण ती चित्र हातात धरणाऱ्यासाठी असे. श्रीमंतांच्या दिवाणखान्यात हे यंत्र असे आणि जत्रांमधून पेटी घेऊन फिरणारे लोक हीच चित्रं पैसे घेऊन दाखवत. आपल्याकडच्या जत्रेत नळीला डोळा लावून बघायची पेटी असायची, तिच्याच घराण्यातली ही गोष्ट.

आता तुमच्या फोटोतली एक गंमत बघा. खालच्या ओळीत लिहिलंय की दृश्य सालिनिएरच्या बाजूने, म्हणजे मीठवाल्यांच्या धक्क्याकडून घेतलं आहे. हा धक्का शहराच्या दक्षिणेकडे, नदीच्या वरच्या अंगाला. तिथे उभं राहून गारोन वाहते त्या दिशेला पाहिलं तर बोर्दो डाव्या हाताला हवं, कारण जुनं शहर सगळं डाव्या तीरावर आहे. तुमच्या चित्रात ते उजवीकडे आहे. म्हणजे कोरणाऱ्याने समोरचं मूळ चित्र तसंच्या तसं छपाईच्या तांब्याच्या पत्र्यावर उतरवलं, आणि छापताना ते उलटलं. आरशात बघणाऱ्याला पुन्हा सरळ दिसणार होतं, त्यामुळे कुणाचं काही अडलं नाही. खात्री करायची असेल तर भिंग घेऊन धक्क्यावरच्या टोपीवाल्या दोन गृहस्थांकडे बघा. त्यांच्या तलवारी उजव्या कमरेला आहेत. उजव्या हाताने उपसायची तलवार डाव्या कमरेला लावतात. सगळेच्या सगळे डावखुरे कसे असतील?

खाली उजवीकडे पत्ता आहे: पॅरिस, बासे यांच्याकडे, र्‍यू सँ-झाक, मातुरँच्या कोपऱ्यावर. सँ-झाक हा पॅरिसमधला चित्रं छापणाऱ्या-विकणाऱ्यांचा रस्ता. बासे, मोंदार, शेरो ही तिथली घराणी. दोमों थोडा पलीकडे सँ-मार्तँ रस्त्यावर. पत्त्यात घराचा क्रमांक नसून 'अमक्या गल्लीच्या कोपऱ्यावर' असं असणं हीसुद्धा जुनेपणाची खूण आहे. पॅरिसमध्ये आजच्या पद्धतीचे घरक्रमांक १८०५ मध्ये आले. ओळीच्या शेवटी बारीक अक्षरांत आ.पे.दे.एर. अशी चार आद्याक्षरं दिसतील. त्यांचा अर्थ 'राजाच्या परवान्याने'.

मग व्हेर्नेचं नाव कुठून आलं? विकणारा अगदीच हवेत बोलत नव्हता. १७५३ मध्ये पंधराव्या लुईसाठी त्याच्या इमारतींचा प्रमुख मार्की द मारिन्यी याने झोझेफ व्हेर्नेला फ्रान्सची बंदरं रंगवायचं काम दिलं. मागणी २४ चित्रांची होती. १७६५ पर्यंत १५ झाली आणि तिथे थांबली. बहुतेक समुद्रावरची, पण माझ्या मते त्यातली सगळ्यात जिवंत चित्रं नदीबंदरांची आहेत: गारोनवरच्या बोर्दोची दोन, आदूरवरच्या बायोनची दोन आणि शारांतवरच्या रोशफोरचं एक. प्रत्येक ठिकाणचा व्यापार, पेहराव, तिथलं खास काम चित्रात यायलाच हवं अशी सूचना होती, त्यामुळे व्हेर्नेने धक्का कधी रिकामा सोडला नाही. या चित्रांवरून शार्ल-निकोला कोशँ आणि झाक-फिलिप ल बा या दोघांनी तांब्यावर कोरीवकाम केलं आणि १७६० पासून ते वर्गणीदारांना मिळू लागलं. ती प्रिंटं मोठी, जवळपास पाऊण मीटर रुंद, आणि काळ्या शाईचीच. खाली व्हेर्ने, कोशँ आणि ल बा तिघांची नावं असतात. तुम्हाला कधी याच मालिकेतलं रंगवलेलं प्रिंट दिसलं तर रंग नंतर कुणीतरी चढवलाय असं समजायला हरकत नाही.

ही मोठी प्रिंटं लोकांना इतकी आवडली की सँ-झाक रस्त्यावरच्या दुकानदारांनी ती लहान करून, माणसं कमी करून, आभाळ भडक करून भिंगाच्या पेटीसाठी पुन्हा कोरली. तुमचं प्रिंट साधारण ३० बाय ४५ सेंटिमीटरचं आहे. त्या पेटीचं हेच नेहमीचं माप. व्हेर्नेच्या चित्राचं ते नातवंड म्हणा. मला ही नातवंडं मनापासून आवडतात. कोशँ-ल बाची प्रिंटं वर्गणी भरू शकणाऱ्यांनी जपून ठेवली. ही मात्र जत्रेतल्या शेकडो डोळ्यांनी पाहिली.

आता मुख्य मुद्दा, जो पुढच्या प्रत्येक खरेदीत उपयोगी पडेल. जुन्या प्रिंटला दोन तारखा असतात. चित्र तांब्यावर कधी कोरलं ही एक, आणि तो पत्रा या कागदावर कधी दाबला ही दुसरी. तांब्याचा पत्रा दुकानदाराच्या मुलाकडे, मग जावयाकडे, मग दुसऱ्या दुकानात जातो आणि गिऱ्हाईक असेल तोवर छापला जातो. पहिली तारीख चित्रातली नदी सांगते, दुसरी कागद सांगतो. विक्रेते बहुतेक वेळा पहिली सांगून पैसे घेतात.

नदीकडून सुरुवात करू. बोर्दोला गारोनवर १८२२ पर्यंत पूलच नव्हता. सतरा कमानींचा दगडी पूल त्या वर्षी झाला. त्याआधी माणसं, घोडे, द्राक्षाची पिंपं सगळं पडावातून पलीकडे जायचं. तुमच्या चित्रात नदी मोकळी आहे, म्हणजे दृश्य १८२२ च्या आधीचं. मग चौक शोधा: चंद्रकोरीसारख्या वळणावर नदीकडे उघडणारा राजाचा चौक, आजचा प्लास द ला बूर्स. त्याच्या मध्यावर भिंगाखाली मुंगीएवढा घोडेस्वार दिसतो. तो पंधराव्या लुईचा पुतळा, १७४३ मध्ये बसवलेला आणि क्रांतीत १७९२ मध्ये वितळवलेला. म्हणजे दृश्य १७४३ ते १७९२ मधलं. पुतळ्यापलीकडे नदीच्या खालच्या अंगाला किल्ल्याची भिंत दिसते, ती शातो त्रोंपेतची. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो किल्ला पाडला आणि तिथे आज कँकाँसचं मोठं मैदान आहे. तुम्ही त्या मैदानावरून नक्की चालला असाल.

रूआँची चित्रं तर यासाठी फारच चांगली. सेन नदी तिथे भरती-ओहोटीची आहे, आणि सतराव्या शतकापासून १८३६ पर्यंत शहरात होड्यांचा पूल होता. एकाला एक बांधलेल्या मोठ्या होड्या, वर लाकडी रस्ता, आणि पाण्याबरोबर अख्खा पूल वर-खाली व्हायचा. जहाज आलं की त्याचा एक भाग बाजूला काढायचे. कोकणातल्या खाडीवर ज्याने भरती-ओहोटीच्या वेळा सांभाळत चालणारी तरीची होडी बघितली असेल, त्याला हे चित्र बघताना वेगळं समजावून सांगावं लागत नाही. दगडी पूल १८२९ मध्ये पुरा झाला, म्हणजे दोन्ही पूल एकत्र दिसले तर मधली सात-आठ वर्षंच उरतात. कॅथेड्रलचा मधला मनोरा बघा: लाकडी टोक १८२२ मध्ये वीज पडून जळालं आणि ओतीव लोखंडाचं नवं टोक १८७६ मध्ये पूर्ण झालं. मधल्या काळातल्या खऱ्या दृश्यात मनोरा बोडका किंवा अर्धवट दिसायला हवा.

पॅरिसचंही तसंच. पूल घरांनी भरलेला दिसला तर दृश्य बहुधा १७८६-८८ च्या आधीचं, कारण तेव्हा सेनवरच्या बहुतेक पुलांवरची घरं उतरवली. पाँ-नफ या पुलाला चिकटून पाणी उपसणारी सामारितेनची इमारत असेल तर १८१३ च्या आधीचं. त्या पुलावरचा चौथ्या हेन्री राजाचा पुतळा १७९२ मध्ये गेला आणि १८१८ मध्ये नवा बसला.

नदी फक्त एवढंच सांगते की कोरणाऱ्याने काय पाहिलं, किंवा कुणाचं पाहून कोरलं. नक्कल करणारा वीस वर्षांपूर्वीचा मनोरा बिनधास्त कोरतो. म्हणून कागद बघायचाच. खोलीत अंधार करा, प्रिंट उताणं ठेवा आणि मोबाइलचा टॉर्च अगदी आडवा धरा. चित्राभोवती चौकोनी खोलगट कड दिसली पाहिजे. ती तांब्याच्या पत्र्याने रोलरच्या दाबाखाली कागदात उमटवलेली असते. शाईच्या रेषा बोटाला किंचित खरखरीत लागतात. मग प्रिंट उजेडासमोर धरा. जुना कागद तारांच्या जाळीवर लगदा उचलून करत, त्यामुळे जवळजवळ बारीक रेघा आणि त्यांना छेदणाऱ्या अडीच सेंटिमीटरच्या आसपासच्या अंतरावरच्या रेघा दिसतात. बिनरेघांचा गुळगुळीत कागद फ्रान्समध्ये १७८० च्या सुमारास होऊ लागला. तसा कागद असेल तर छाप त्यानंतरचीच. जलचिन्हात, म्हणजे उजेडासमोर कागदात दिसणाऱ्या गिरणीच्या खुणेत, १७४२ हा आकडा दिसला तर हुरळून जाऊ नका. कागदावर साल घालायचा नियम आल्यावर अनेक गिरण्यांनी तेच साल पुढे कित्येक वर्षं साच्यात तसंच ठेवलं.

भिंगाखाली रेषेचं टोक बघायची सवय लावा. छिन्नीने कोरलेली रेष बारीक सुरू होते, मध्ये फुगते आणि परत टोकदार होऊन संपते. आम्लाने खाल्लेली रेष सगळीकडे सारखी आणि टोकाला बोथट. कोशँ-ल बाच्या प्रिंटात दोन्ही दिसतात: आधी आम्लाने आराखडा, मग छिन्नीने सफाई. रेषेऐवजी ठिपक्यांची जाळी दिसली तर ते कॅलेंडरचं पान आहे, कितीही जुन्या फ्रेममध्ये बसवलेलं असलं तरी.

रंगाबद्दल विचारलं होतंत. तुमच्या प्रिंटमागचे तपकिरी डाग पुन्हा नीट बघा. फोटोत ते जिथे आहेत, तिथे पुढून झाडं आणि एका बाईचा घागरा आहे. दोन्ही हिरवे. त्या काळचा हा हिरवा तांब्याच्या गंजापासून करत, आणि तो वर्षानुवर्षं कागद आतून जाळत जातो. पुढून हिरवं, मागून भाजल्यासारखं तपकिरी. रंग जुना असल्याची ही फार चांगली खूण आहे. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत दुकानात रंगवलेल्या प्रिंटात ती नसते. शिवाय तुमच्याकडच्या रंगात घाई दिसते: गुलाबी छपराच्या बाहेर सांडलाय, निळा दोन फटकाऱ्यांत आटोपलाय. ढगांना हळुवार छटा, प्रत्येक माणसाचा कोट वेगळा असं नाजूक रंगकाम दिसलं की मी आधी संशय घेते. एक काळजी घ्या: त्या हिरव्या भागात कागद ठिसूळ झालेला असतो, तिथे घडी किंवा बोटाचा दाब नको.

तांबूस ठिपक्यांना हात लावू नका. हे मी कळकळीने सांगतेय. कामाच्या सुरुवातीच्या काळात माझ्याकडे एकांनी रूआँच्या धक्क्याचं प्रिंट आणलं होतं. एका फ्रेमवाल्याने ते 'स्वच्छ' करून दिलं होतं. ठिपके गेले होते, बरोबर सगळंच गेलं होतं. कागद खडूसारखा पांढरा, हातात घेतला तर टिपकागदासारखा लुळा. गरम इस्त्रीने पुठ्ठ्यावर चिकटवल्यामुळे पत्र्याची खोलगट कड सपाट झालेली. टॉर्च आडवा धरला तर काही म्हणजे काही दिसेना. होड्यांच्या पुलाजवळ एक माणूस दोर ओढतोय, त्याचा हात अर्धा विरघळला होता. मी तीन आठवडे पुठ्ठा सोडवत बसले, पण जे गेलं ते परत आणता आलं नाही. ब्लीच, पेरॉक्साइड, खोडरबर, ओला बोळा यातलं काही नको. ठिपके बुरशीमुळे किंवा कागदातल्या लोखंडाच्या कणांमुळे येतात. कोरडं ठेवलं तर वाढत नाहीत. तुमचे ठिपके आभाळात आहेत, माणसांवर नाहीत. राहू द्या.

पुण्याला नेताना गुंडाळी करू नका. आम्लमुक्त पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांमध्ये सपाट ठेवून केबिनमध्ये बरोबर घ्या. फ्रेम तिथेच सोडली तरी चालेल. तिची मागची लाकडी फळी तर काढायचीच आहे, तिच्या फटींचे पट्टे कागदावर उमटायला लागलेत. पुण्यात फ्रेम करताना कागद काचेला टेकणार नाही एवढ्या जाडीचा माउंट घ्या, आणि प्रिंट वरच्या कडेला फक्त दोन जपानी कागदाच्या पट्ट्यांनी, गव्हाच्या खळीने अडकवा. सेलोटेप नको, पांढरा गोंद नको. पावसाचा मारा बसणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर लावू नका. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे चिकटवले की भिंत आणि फ्रेम यांच्यात हवा खेळते. दर दिवाळीला साफसफाईत फ्रेम उतरवून मागून बघा. कसर लागली असेल तर कडेला भुग्यासारखं काही दिसतं. दुपारचं ऊन त्यावर अजिबात नको, तो गुलाबी आधी उडतो.

आणखी घ्यायची म्हणालात. तुमच्या बजेटमध्ये निकोला ओझान बघा. त्याने फ्रान्सच्या बंदरांची साठ दृश्यं काढली आणि त्याचा मेहुणा ल ग्वाझ याने ती कोरली. छोटी, नेटकी, जहाजांचा दोर न् दोर बरोबर. पुढच्या पिढीतला लुई गार्नरे स्वतः खलाशी होता, हिंदी महासागरात फिरलेला, नंतर इंग्रजांच्या कैदी जहाजांवर आठ वर्षं काढलेला. त्याची किनाऱ्यांची ६४ अ‍ॅक्वाटिंट, म्हणजे आम्लाने पत्र्यावर छटा उठवून काढलेली प्रिंटं, १८२० ते १८३० च्या दशकांत निघाली. त्याच्या चित्रातलं पाणी खरंच हलतं. किंमत जास्त असते, पण एखादं घ्यायला हरकत नाही. कडेला लूव्रच्या छापखान्याचा बिनशाईचा उठावाचा शिक्का दिसला तर ती जुन्या पत्र्यावरून नंतर काढलेली छाप आहे; अस्सल तांब्याची असली तरी जुन्या छापेच्या किमतीला घेऊ नका.

नाँतचं एखादं घेतलंत तर एक गोष्ट मनात असू द्या. ल्वारकाठच्या त्या देखण्या घरांमागे गुलामांचा व्यापार होता. फ्रान्समध्ये त्या धंद्यात नाँत पहिलं, आणि बोर्दोही त्यात होतं. तुमच्या चित्रात धक्क्यावर जी पिंपं आहेत, त्यातून वाइन बाहेर जायची आणि कॅरिबियन बेटांवर गुलामांच्या कष्टाने पिकलेली साखर, कॉफी आत यायची. चित्रात ती माणसं कुठेच नाहीत. मी ही प्रिंटं दाखवते तेव्हा हे प्रत्येक वेळी सांगते, कारण कोरणाऱ्याने काय वगळलं हेही बघायचं असतं.

तुमच्या प्रिंटची दुसरी तारीख अजून माझ्या हाती लागलेली नाही. दिवसा खिडकीच्या काचेवर हलक्या हाताने धरून मागच्या बाजूचा एक फोटो काढा, कडेपासून कडेपर्यंत, आणि जलचिन्हाची अक्षरं दिसली तर तेवढ्याच भागाचा जवळून एक. हिरव्या भागाला आधार द्यायला खाली पुठ्ठा धरा. फोटो आले की छाप कधीची ते सांगते.